उशाशी विजू

कोल्हापूर,
२१ नोव्हेंबर २०२४

विजू,

मशीन पोचली. खोकं आक्कानं स्वतः फोडलं, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर तुझ्या वस्तूला मी पहिला हात लावला असं व्हायचं.

फोन तू उचलत नाहीस. उचलू नयेस असंच मी बोललो होतो, म्हणून तक्रार नाही. "पाहुणा म्हणून येतोस आणि आक्काचा मुलगा म्हणून मिरवून जातोस" हे मी पाडव्याच्या पंगतीत, सगळ्यांदेखत म्हणालो. ते खोटं होतं असं मला अजून वाटत नाही. पण म्हणताना मला बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं मला अजून खुपतं. तू दुसऱ्याच दिवशी बंगळूरची गाडी धरलीस. मेसेजमध्ये माझे शब्द आखूड होतात आणि टोचतात. म्हणून कागद, आणि कुरिअर.

तू जाताना हट्ट धरलास म्हणून आक्काची झोपेची तपासणी झाली. राजारामपुरीत डॉ. प्रीती कांबळे आहेत, त्यांच्याकडे. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून तिला एक रात्र झोपवलं. सकाळी कागद हातात आले तेव्हा आक्का भडकली. "बाईमाणसाचं घोरणं कागदावर छापून देत्यात व्हय? आता काय पेठेत वाटायचं काय हे?"

डॉक्टर हसल्या. "घोरण्याचं काही नाही आक्का. मधे मधे श्वास थांबतोय तुमचा. झोपेत घसा मिटतोय."

"मग उघडा की."

"त्यासाठीच मशीन लागणार."

तुझी मशीन तीच. तिला सीपॅप म्हणतात. नाकावर मुखवटा बांधायचा आणि ती एकसारख्या दाबानं हवा आत सोडत राहते, म्हणजे घसा मिटत नाही. दार उघडं राहावं म्हणून पाय अडकवून कुणीतरी उभं असावं, तसं. ती श्वास देत नाही, फक्त वाट उघडी ठेवते. हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं, कारण मी दोनदा विचारलं.

एक गोष्ट मला उमगत नाही. चार दिवस राहून तुला जे ऐकू आलं ते मला भिंतीपलीकडे इतकी वर्षं झोपून कसं ऐकू आलं नाही? ऐकू येत होतं, विजू. आक्का घोरतेय म्हणजे घर जागेवर आहे असं वाटायचं. आणि घोरणं थांबलं की, बरं झालं, शांत झोपली, म्हणून मी कूस बदलायचो.

काल पहिल्यांदा लावली. पट्टे मी बांधले, हवा कोरडी पडू नये म्हणून मशीनच्या भांड्यात पाणी मी भरलं. आक्का आडवी झाली आणि तुझ्या वहिनीला म्हणाली, "विजूला चालू कर गं."

संयोगिताला कळेना. "कुणाला?"

"ह्यो काय उशाशी बसलाय. विजूच न्हवं का त्यो?"

संयोगिता हसली. मीही हसलो. तू तिथं असतास तर माझ्या हसण्यावर विश्वास ठेवला नसतास.

उदय


कोल्हापूर,
९ डिसेंबर

विजू,

तुझं उत्तर नाही. आक्काच्या फोनवर तुझा आवाज रोज सकाळी येतो, तेवढ्यावरून तू ठीक आहेस असं धरतो.

आक्काला फरक पडला, हे मान्य करावं लागतं म्हणूनच मी हे पत्र लांबवलं. दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या मान पडायची, ती पडत नाही. मालिकेत कोण कुणाची सवत हे आता तिला शेवटपर्यंत ठाऊक असतं. मंडईत जाऊन आली. तिथून येऊन भाजीवाल्याला ती काय काय बोलली ते तिनं आम्हाला परत बोलून दाखवलं.

पण एक विचारतो. त्या मशीनची माहिती तुझ्या फोनवर जाते हे तू आधी का सांगितलं नाहीस?

परवा सकाळी मी चहा घेऊन गेलो. मुखवटा नुकता काढला होता, गालावर पट्ट्यांचे वळ होते. मी विचारलं, "झोप लागली का आक्का?" तर म्हणते, "लागली की. विजूचा फोन येऊन गेला. म्हटला, आक्का, आज एक लंबर झोपलीस."

मी मधल्या दाराच्या अलीकडे झोपतो. ती खोकली तर मला कळतं, उठली तर कळतं. आणि तिची झोप कशी झाली ते मला बंगळूरहून कळायचं! दाब किती होता, मुखवटा कुठं सैल पडला, श्वास तासाला कितीदा अडखळला, सगळं तुझ्या तळहातावर. मी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "विजूला ठाव हाय."

शेजारच्या धोंडुबाई बघायला आल्या होत्या. त्यांना आक्का सांगत होती, "पोरानं श्वास पाठवून दिला बघ मला, खोक्यात घालून." धोंडुबाईंनी मशीनला हात जोडले. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आन तू रं? तू काय दिलास आईला?" सहज, चेष्टेनं. मी म्हणालो, "मी पाणी भरतो त्यात." त्या दोघी इतक्या हसल्या की आक्काला खोकला आला.

विजू, मला हेवा वाटतो. हा शब्द लिहून बघितला तर कागदावर फार लहान दिसला. एका डब्याचा हेवा, ज्याला पंखा आहे आणि एक नळी आहे. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. कॉलेजात ग्रंथालय सांभाळतो. मुलं मला सर म्हणतात. काल पाणी भरताना मी भांडं मुद्दाम जरा आपटून ठेवलं.

मशीन चांगली आहे. हेही लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो.

उदय


कोल्हापूर,
२८ डिसेंबर

विजू,

हे पत्र नीट वाच. टोचायला लिहिलेलं नाही. निदान तसं नसावं याची मी काळजी घेतोय.

आक्का पुन्हा पेंगायला लागली आहे. सर्दी झाली होती, ती छातीत उतरली, डॉक्टरांच्या औषधानं ताप गेला, पण ती उभारी काही आली नाही. सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसते. परवा आमटीत मीठ घातलंय का हे तिनं मला तीनदा विचारलं आणि मग माझ्याकडं असं बघितलं जसा मी कुणी पाहुणा आहे. सगळ्यात वाईट म्हणजे ती कुणाला काही बोलत नाही. दूधवाला उशिरा आला, नुसतं पातेलं पुढं केलं तिनं.

मला ठाऊक आहे तू काय म्हणालास. तिचा फोन मोठ्या आवाजावर असतो. "आक्का, आकडे उत्तम हायत. सात सात तास लावतीयस. श्वास थांबतच न्हाय आता. दादाला खोट काढायची सवय हाय, तू मनावर घेऊ नको."

मी रागावलो नाही. म्हणजे रागावलो, पण मग बसून स्वतःला विचारलं: उदय, तुला हे दिसतंय, की दिसावंसं वाटतंय? मशीन हरावी असं तुझ्या मनात कुठं आहे की नाही? आहे. मग तुझ्या डोळ्यांवर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून मी संयोगिताला माझं मत न सांगता नुसतं विचारलं, "आक्का कशी वाटते गं?" तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, "इझल्यासारख्या झाल्यात. मी काय बोललो तर व्हय म्हणत्यात नुसतं." आक्का कुणालाही सरळ व्हय म्हणते! तेव्हा मला भीती वाटली.

बोटाला लावायची ती चिमटी घरी आहे, तिच्यावर रक्तातला ऑक्सिजन कमी दिसत होता. मी तालमीत गेलो. कोविडात आपल्या तालमीनं वर्गणीतून ऑक्सिजनची मशीन घेतली होती, हवेतून ऑक्सिजन गाळून देणारी, ती अजून गल्लीत ज्याला लागेल त्याला देतात. तालमीचा केरबा ती गाडीवर मधे ठेवून घेऊन आला. तिच्यावर खंडेनवमीचं हळदीकुंकू अजून तसंच होतं, कारण त्या दिवशी ती गदा-मुद्गलांच्या शेजारी ठेवून पुजतात. केरबा म्हणाला, "आक्का, पेठंतली किती माणसं ह्या मशीननं उठून बसवल्यात, तुमचं काय घिऊन बसलाय! सर, फुल्ल सोडा. ऑक्सिजनच हाय, त्यानं काय वाईट व्हतंय?"

फुल्ल नाही, पण बरीच सोडली. दिवसभर नाकात नळी. चिमटीवरचा आकडा असा भराभर चढला विजू, की मला लहान मुलासारखा आनंद झाला. तुझ्या फोनवर तुझा आकडा असेल. हा माझा होता. मी धोंडुबाईंना बोलावून दाखवला.

आज आक्का शांत झोपली आहे. गाल चांगले लाल दिसतात. उद्या डॉक्टरांना फोन करीन, पण मला वाटतं आता घाई नाही.

उदय


कोल्हापूर, दवाखान्यातून
२ जानेवारी २०२५

विजू,

हे पत्र कुरिअरनं पोचायला वेळ नाही. दोन्ही पानांचे फोटो काढून संयोगिताच्या फोनवरून पाठवतो. तिचं तू उघडतोस.

दाखल केल्याचं तिनं तुला कळवलंच आहे. तू तिला म्हणालास की दादानं ऑक्सिजन लावून घोळ केला. बरोबर आहे. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं तुला कळायला हवं, कारण आता काम तुझ्याशी आहे.

आक्का हाकेला ओ देईना म्हणून आणलं. मनगटातल्या धमनीतून रक्त काढून तपासलं. डॉ. कांबळे मला म्हणाल्या, "सर, तुमच्या भावाच्या फोनवर काय दिसतं? घसा मिटतो का. तो मिटत नव्हता. तुमच्या चिमटीवर काय दिसतं? ऑक्सिजन. तो तुम्ही ओतलात, आकडा चढला. दोघांचंही खरंच होतं. पण आत घेतलेली हवा बाहेरही टाकावी लागते. आक्कांचं वजन, त्यात सर्दी. छाती तेवढी हलतच नाही. नको तो वायू, कार्बन डायऑक्साइड, आत साचत गेला आणि मेंदूला गुंगी आली. अशा माणसाला वरून सढळ ऑक्सिजन दिला की श्वास आणखी मंदावतो. ते लाल गाल बरे झाल्याचे नव्हते."

मी विचारलं, "हा साचलेला वायू कुठल्या आकड्यात दिसतो?"

"तुमच्या दोघांच्याही नाही."

दोन भाऊ, दोन मशिनी, दोन चांगले आकडे, आणि मधे आक्का बुडत होती. तू तुझा आकडा तिला ऐकवत होतास, मी माझा शेजाऱ्यांना दाखवत होतो. माझा गुन्हा मोठा आहे, कारण मी तिच्याकडं बघू शकत होतो आणि चिमटीकडं बघत बसलो. पण हे मोठं-लहान आपण नंतर ठरवू.

आता तिला तिसरी मशीन लागते. बायपॅप. तिच्यात दोन दाब असतात. श्वास घेताना ती जोरानं हवा आत ढकलते आणि सोडताना हात सैल करते, म्हणजे साचलेलं बाहेर पडतं. आणि आक्का श्वास घ्यायची विसरलीच तर ती स्वतः एक श्वास देते. तुझी मशीन दार धरून उभी होती. ही छातीला हात लावून काम करते. इथं आणल्यापासून तीच लावली होती आणि गुंगी उतरत होती.

आज दुपारी ती पुरती शुद्धीवर आली, आणि पहिली गोष्ट तिनं काय केली, तर मुखवटा ओढून काढला.

"विजू कुठाय?"

मला वाटलं तुझ्याबद्दल विचारतेय. म्हणालो, "बंगळूरला."

"त्यो न्हवं. माझा. उशाचा."

मी समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. नर्सबाई हात धरून बसल्या. ती एकच धरून बसली आहे. "ह्यानं केलंय हे सगळं. पहिल्यापास्नं डोळ्यात सलतोय ह्याच्या माझा विजू. मी झोपलो बघून काढून घेतला ह्यानं. न्हाय लावणार जा. मरतो तशीच."

नर्सबाई माझ्याकडं बघत होत्या. ती चुकली आहे, आणि ती चुकली नाही. तिला माझ्या डोळ्यात जे दिसलं ते तिथं आहेच.

डॉक्टर म्हणाल्या, एक झोप अशीच झाली तर वायू परत चढेल, आणि मग घशात नळी घालून मोठ्या मशीनवर टाकावं लागेल. या वयात, या वजनाला, त्यातून आक्काला परत काढता येईल याची खात्री त्या देत नाहीत. आत्ता ती जागी आहे. संयोगिता तिला बोलण्यात गुंतवून जागं ठेवते आहे, आक्काच्या माहेरच्या, मलकापूरच्या गोष्टी काढून.

संयोगिता म्हणाली होती, "मीच सांगतो की भावोजींना, आक्कांना समजवा म्हणून. तुम्ही कशाला?" मी नको म्हणालो. हे मागणं माझं आहे.

तू तिला फोन कर. आत्ता. सांग, ही मशीन तूच पाठवलीस. सांग, जुन्या विजूपेक्षा हा थोरला विजू आहे. काय वाटेल ते सांग. माझं नाव घेऊ नको, त्यानं बिघडेल. ती तुझं ऐकते. माझं ऐकत नाही, हे लिहिताना मला जे होतंय ते होऊ दे, तू त्याकडं लक्ष देऊ नको.

उदय


कोल्हापूर,
१५ जानेवारी

विजू,

आक्का घरी आहे हे तुला माहीत आहे. पण तुझा फोन संपल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. ते कळवायला उशीर केला, कारण बरेच दिवस मला ते हसून लिहिता येईना.

मी तुला खोटं बोलायला सांगितलं होतं. तू खरं बोललास. फोन मोठ्या आवाजावर होता, मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. "आक्का, मी पाठवलेली आता पुरत न्हाय. मी नुसतं फोनवर बघत बसलो, मला कळलं न्हाय. ही नवी दादानं आन डॉक्टरनी ठरवल्या. दादाचं ऐक. तुझ्याजवळ त्यो हाय, मी न्हाय."

ती ऐकत होती. मग म्हणाली, "बरं बाबा. तू म्हणतोयस तर लावतो." मुखवटा तिनं स्वतः तोंडावर धरला. पट्टे मी बांधले. मागचा पट्टा नर्सबाईंनी ओढला.

बांधता बांधता आक्कानं मुखवटा जरा वर उचलला आणि त्यांना म्हणाली, "ऐकलंसा न्हवं बाई? सगळं केलं त्यानं, आन नाव थोरल्या भावाचं सांगतोय. मनाचा राजा हाय माझा विजू."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. तू खोटं बोलला असतास तर मला निदान तुझा राग धरता आला असता. तू खरं बोललास आणि तेही तुझ्याच खात्यावर जमा झालं! केरबा डबा घेऊन आला होता. त्याला वाटलं काहीतरी बरंवाईट झालं. "सर, आक्का?" मी म्हणालो, "लावली तिनं." तो म्हणाला, "मग रडतायसा कशाला?" त्यात अर्धं सुटकेचं होतं, आणि उरलेलं अर्धं कशाचं ते तुला ठाऊक आहे.

रक्ताची तपासणी परवा पुन्हा झाली. वायू उतरला आहे. अजून चांगला म्हणत नाहीत, पण नवी मशीन रोज लावली तर घाबरायचं कारण नाही. तालमीची मशीन मी पुसून परत दिली. डॉक्टर काय म्हणाल्या ते केरबाला आणि पोरांना बसवून सांगितलं. आता ती देताना आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागायची असं त्यांनी ठरवलंय.

हेवा गेला का, असं तू विचारणार नाहीस, पण मी मला विचारलं. गेलेला नाही. सकाळी तुझ्या फोनची घंटा वाजली की अजून मी उठून बाहेर जातो. फक्त आता घंटा वाजली नाही तर मी घड्याळाकडं बघतो.

आज सकाळचं सांगतो आणि थांबतो. मी दाढी करत होतो. आतून आवाज आला, असा की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "उदयाऽ! मगापास्नं हाका मारतोय, भैरा झालास काय? तोंडावरचं हे काढाय कोण तुझा बाप येणार हाय? आन चहा करतोयस का गवती चहाचं बी पेरून आलायस? सेहेचाळीस वर्सांचा घोडा झालास, आईच्या हाकंला वेळेवर ओ दिली असशील तर शपथ!"

अर्ध्या दाढीनं धावत गेलो. ती उशाला टेकून बसली होती, डोळे लख्ख, कपाळावर आठी. मी मुखवटा काढला. तिनं माझ्या गालावरचा साबण बघितला आणि आणखी दोन शिव्या हासडल्या, त्या इथं लिहीत नाही. दूधवाला, संयोगिताचा लसणीचा ठेचा, दवाखान्यातली बिनमिठाची खिचडी, पायपुसणं, सगळ्यांचा समाचार झाला, आणि प्रत्येकाचा शेवट माझ्यावर. एक श्वास मधे घेतला नाही तिनं. मी उभा राहून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, चालू दे आक्का, थांबू नको.

मग तुझा फोन आला, आणि तिचा आवाज लोण्यासारखा झाला. "व्हय राजा. बरी हाय की. तू जेवलास का?"

त्या शिव्या तुला कधी मिळणार नाहीत, विजू. त्या फोनवरून जात नाहीत. हाताच्या अंतरावर जो उभा असेल त्याच्याच असतात, आणि तिथं मी असतो. यातली एकही मी तुला वाटून देणार नाही. हव्या असतील तर ये. चांगला महिनाभर राहा, म्हणजे पाहुणेपण उतरेल आणि तीच सुरू करील. खोली संयोगितानं झाडून ठेवली आहे.

उदय